भुताचा वार

त्या रविवारी दुपारचं जेवण व्हायच्या आधी डेंटरनं सतरा माणसं मारली. त्यातले तीन मुडदे त्याच्याच बाजूचे होते, आणि त्या तिनांपैकी दोन एकाच माणसाचे, म्हणजे त्याच्या मेहुण्याचे.

एकाच माणसाचे दोन मुडदे कसे पडतात, असं कुणी विचारेल. खेळात पडतात. मेलेला माणूस दहा सेकंदांनी आपल्या झेंड्यापाशी पुन्हा उभा राहतो आणि पुन्हा मरायला मोकळा होतो. खेळाचं नाव 'वेढा'. जुन्या काळची लढाई. एक किल्ला, एक खंदक, गुडघाभर चिखल, आणि त्या चिखलात दोन्हीकडची तीस-तीस माणसं तलवारी, कुऱ्हाडी, सोटे घेऊन एकमेकांच्या जिवावर उठलेली.

खेळ म्हणून बघायला गेलं तर भिकार. घोडा पळता पळता भिंतीत शिरायचा आणि मागचा अर्धा बाहेर ठेवून शेपटी हलवत राहायचा. तुटून पडलेला हात जमिनीवर पडल्या पडल्या तलवार चालवायचा, आणि त्या हातानं माणसं मरायचीसुद्धा. शिडी चढताना डोक्यावरचं शिरस्त्राण आपोआप नाहीसं व्हायचं आणि वरून आलेला धोंडा थेट कवटीवर बसायचा. दर पंधरवड्याला बनवणारे दुरुस्ती पाठवायचे आणि एक खोट जाऊन दोन नव्या यायच्या. पण कुऱ्हाड एकदा नीट बसली की विचारू नका. खांद्यापासून बरगडीपर्यंत माणूस उभा फाटायचा, गुडघ्यावर यायचा, स्वतःच्या पोटाकडं बघायचा आणि मग तोंडावर पडायचा. रक्ताची चिळकांडी पडद्यावर उडायची आणि आपला सैनिक मनगटानं डोळे पुसून पुढच्याच्या अंगावर धावायचा. तेवढं एक काम बनवणाऱ्यांनी जीव ओतून केलं होतं. डेंटरची बायको म्हणायची, "बाकी सगळं मोडकं, खाटकाचं काम तेवढं चोख." डेंटर हसायचा, खेळाला दहा शिव्या घालायचा आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता हेडफोन चढवून पुन्हा खंदकात उतरायचा. दारूचं व्यसन परवडलं, त्याला निदान उतारा तरी असतो.

डेंटर म्हणजे चेपलेल्या गाड्या सरळ करणारा. एका हातात हातोडी, दुसऱ्यात लोखंडी ठोकळा. ठोकळा पत्र्याच्या मागून दाबून धरायचा आणि पुढून हलक्या हातानं ठोकत ठोकत चेप उठवायचा. पंचवीस वर्षं हेच केलं. त्याच्या हाताला जेवढं कळायचं त्याहून जास्त कानाला कळायचं. बोटाच्या पेरानं गाडीच्या दारावर टकटक केली की तो सांगायचा, "हे आधी ठोकलेलं आहे. इथं पत्रा बोलत नाही, पुट्टी बोलतेय." मालक आईची शपथ घेऊन सांगायचा की गाडीला ओरखडासुद्धा गेलेला नाही, आणि रंग खरवडला की खालून बोटभर पुट्टी निघायची. त्या कानाचा त्याला फार ताठा होता.

चेप उठवून झाला की गाडी पेंटरकडं जायची. जे डेंटरला साधलं नाही ते पेंटर पुट्टीखाली बुजवायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि वर असा रंग चढवायचा की गाडी जन्मली त्या दिवशीसारखी दिसावी. एकाच शटरखाली दोघांची पंधरा वर्षं गेली. गिऱ्हाइकं त्यांना एका दमात 'डेंटरपेंटर' म्हणायची, जसं काही ते एकाच माणसाचं नाव आहे. नऊ वर्षांपूर्वी डेंटरनंच आपली धाकटी बहीण पेंटरला दिली. घरात कुणी म्हणालं, जरा चौकशी करू. तेव्हा हा छाती ठोकून म्हणाला होता, "चौकशी कसली? माणूस रोज माझ्या डोळ्यांसमोर आहे."

'वेढा' पेंटरनंच आणला आणि डेंटरला त्यात ओढलं. मग गल्लीच्या तोंडाचा शिंपी आला, दवाखान्यातला कंपाउंडर आला, त्यांच्या ओळखीचे आणखी दोन-तीन. प्रत्येक जण आपापल्या घरी आपापल्या पडद्यापुढं, आणि आवाज सगळ्यांचे एकमेकांच्या कानात. दिवसभर दुसऱ्यांच्या विजारी आखूड करणारा शिंपी तिथं दोन हातांची कुऱ्हाड चालवायचा आणि मुंडकं उडालं की हळूच म्हणायचा, "माप बरोबर आलं."

ह्या खेळातली सगळ्यात मोठी खोट मात्र वेगळीच. सुरुवातीला एक बाजू निळी असते, एक पिवळी. पाच मिनिटांत चिखल आणि रक्त अंगावर असं थापलं जातं की सगळे एकाच रंगाचे होतात. तलवार तर आंधळी, तिला आपला कळत नाही की परका. पहिले दोन महिने ह्या टोळीनं शत्रूपेक्षा स्वतःचीच माणसं जास्त कापली. मग पेंटरनं तोड काढली. आपल्याच माणसाचा वार अंगावर येताना दिसला की ओरडायचं, "आपला! आपला!" ज्यानं वार सोडलाय त्यानं ऐकल्याबरोबर हात आवरायचा.

सांगायला सोपं, पण हात आवरणं ही त्या खेळातली सगळ्यात अवघड विद्या होती. डावं बटण दाबलं की वार सुटतो. सुटलेला वार लागायच्या आत, डोळ्याचं पातं लवतं तेवढ्या वेळात, उजवं बटण दाबलं तरच तलवार हवेत थांबते. पेंटरला ते असं साधलं होतं की बघत राहावं. चारी बाजूंनी माणसं कापली जाताहेत, ह्याची तलवार शिंप्याच्या गळ्याला भिडलेली आहे, शिंपी "आपला" मधला "आ" म्हणतोय, आणि पातं जागच्या जागी थिजलं. दोन वर्षांत त्याच्या हातून आपल्या बाजूचा एकही मेला नव्हता. डेंटरचं उलट. त्याचा हात हातोडीचा, एकदा वर गेला की खाली यायचाच.

पेंटरनं त्याला शिकवायचा चंग बांधला. एका रविवारी लढाई सोडून दोघं खेळातल्या रिकाम्या माळावर गेले. पेंटरनं ढाल-तलवार टाकली, हात पसरले आणि म्हणाला, "मार मला."

डेंटरनं वार सोडला. "आपला!" पेंटर ओरडला, आणि त्याचं मुंडकं घरंगळत गेलं. दहा सेकंदांनी तो पुन्हा समोर. "मार." पुन्हा पोटातून आतडी बाहेर. असा तो चाळीस वेळा मेला आणि एकदाही चिडला नाही.

"दादा," तो म्हणाला, "हात तुझा आहे, तलवारीचा नाही. कितीही जोरात सुटला तरी शेवटपर्यंत आपल्याच ताब्यात असतो. थांबवायचा म्हटलं की थांबतो."

एकेचाळिसाव्या वेळी डेंटरची तलवार पेंटरच्या कानापाशी येऊन थांबली. डेंटरला त्या दिवशी जेवण गोड लागलं. असा मेहुणा मिळायला भाग्य लागतं, असं तो बायकोला म्हणाला.

पण माळावर साधलेलं धुमश्चक्रीत कुठलं साधायला. आठवड्यात दोन-चारदा तरी तो पेंटरला मारायचाच. पेंटर ब्र काढायचा नाही. "असू दे दादा, होतं," एवढंच म्हणायचा, आणि झेंड्यापाशी पुन्हा उभा राहिला की कधी कधी म्हणायचा, "जरा आलो." मग हेडफोन काढून ठेवल्याचा खडखडाट व्हायचा आणि त्याचा सैनिक झेंड्याखाली बाहुल्यासारखा उभा राहायचा. डेंटर सगळ्यांना ओरडून सांगायचा, "पेंटर उभा आहे, घेरा करा!" आणि त्या बिनजिवाच्या बाहुल्याभोवती चौघंजण ढाली जोडून उभे राहायचे. अंगावर बाण झेलायचे, कुऱ्हाडी झेलायचे. पेंटर परत यायचा तेव्हा त्याच्या अंगावर ओरखडा नसायचा. सगळ्यात पुढची ढाल डेंटरची असायची, हे वेगळं सांगायला नको.

आणि ह्याच सुमारास ती नवी खोट सुरू झाली, तिला टोळीनं 'भुताचा वार' नाव दिलं. जवळपास कुणी नाही, कुणाचा हात उठलेला नाही, कुणाला लागलेलं नाही, आणि कानात वाराचा आवाज. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. कंपाउंडर पहिल्यांदा गर्रकन वळला आणि घाबरून त्यानं शिंप्याचाच पाय तोडला. पुढं सवय झाली. आला आवाज की कुणीतरी म्हणायचं, "आलं भूत," आणि सगळे हसायचे.

डेंटरला मात्र चैन पडेना. त्याच्या धंद्याच्या कानाला तो आवाज खटकायचा. एकदा तो टोळीला म्हणाला, "ऐका रे, हा लोखंडाचा आवाज नाही. पत्र्याचा नाही, चिलखताचा नाही. मऊ आहे. आत भरलेलं आहे काहीतरी. ह्यांनी चुकीचा आवाज टाकलाय."

"दादा, गेमच फालतू आहे," पेंटर म्हणाला. "सोड ना."

त्यानंतर तो आवाज आणखी दबका झाला, दार लावून घेतल्यासारखा. पण बंद झाला नाही.

डेंटरनं खेळ बनवणाऱ्यांना पत्र लिहिलं. कंपाउंडरकडून तेवढ्यासाठी भाषा नीट करून घेतली. माझी अमुक वर्षं आवाज ओळखण्यात गेली आहेत, कुणी जवळ नसताना तुमच्या खेळात वार ऐकू येतो, तो पोकळ नाही, भरीव आणि मऊ आहे, झेंड्यापाशी उभं असताना जास्त येतो, तरी लक्ष घालावं. तीन आठवड्यांनी, शुक्रवारी, उत्तर आलं. तुमच्या तक्रारीबद्दल आभार. आम्ही सगळे आवाज तपासले. असा आवाज आमच्या खेळात नाही.

डेंटर भडकला. नाचता येईना अंगण वाकडं ही जातच असली, असं तो बायकोपाशी बडबडला. स्वतःच्या कामातली खोट कोण कबूल करतो? रविवारी आवाज आला की तो नीट ऐकायचा, तारीख-वेळ लिहायची आणि त्यांच्या तोंडावर मारायची, असं त्यानं ठरवलं. कागद-पेन्सिल घेऊन बसला.

रविवारी दुपारी लढाई भलतीच पेटली. फाटक फुटलं होतं. आत शिरणाऱ्यांची आणि अडवणाऱ्यांची अशी कोंडी झाली की मुडदे पडायला जागा नव्हती, मेलेले उभेच राहत होते. डेंटर सोटा घेऊन घुसला. एकाची कवटी मडक्यासारखी फुटली, दुसऱ्याचा जबडा उडाला, तिसऱ्याला त्यानं भिंतीशी दाबून तोंडाचा चिखल होईस्तोवर ठेचला. "आपला!" कानात ओरड आली. उशीर झाला होता. भिंतीशी दाबलेला तिसरा पेंटर होता.

"असू दे दादा."

पुन्हा घुसले. पुन्हा तीच कोंडी, तोच लाल चिखल. डेंटरनं वळून पूर्ण ताकदीनं सोटा फिरवला आणि समोरच्याची मान मोडली. मोडता मोडता "आपला" ऐकू आलं. पुन्हा पेंटरच.

ह्या वेळी तो असू दे म्हणाला नाही. श्वास तेवढा ऐकू आला. मग म्हणाला, "जरा आलो."

"घेरा करा!" डेंटर ओरडला आणि धावत झेंड्यापाशी गेला. ढाल पुढं धरली. शिंपी डावीकडं, कंपाउंडर उजवीकडं. पिवळ्यांचे पाच-सहा जण चालून आले. ढालीवर कुऱ्हाडी आपटायला लागल्या, ठण्ण, ठण्ण, हे आवाज बरोबर होते, लोखंडावर लोखंड. आणि त्यामधून आला, धप्प.

डेंटरनं पेन्सिल उचलली.

धप्प. आज दबका नव्हता. आज स्पष्ट होता, अगदी कानाशी. डेंटरनं ढाल तशीच धरून डोळे मिटले, जसे तो एखाद्या गाडीच्या दाराला कान लावून मिटायचा. धप्प. काहीतरी फरशीवर पडलं. खेळात फरशी नव्हती, सगळा चिखल होता. आणि मग बाईचा आवाज. टोळीत बाई नव्हती.

"आपला!" ती बाई म्हणाली. "आपला, आपला, अहो, आपला..."

धप्प.

धाकटीचा आवाज होता. लहानपणी दारात बोट सापडलं होतं तेव्हा ती अशीच ओरडली होती. दोन वर्षं भिंतीपलीकडून ती रोज ऐकत आली असणार की हा एक शब्द उच्चारला की तिच्या नवऱ्याचा हात जागच्या जागी थांबतो. मारातून सुटायला तिनं तोच शब्द उचलला होता.

"आज भूत बोलायला लागलं की," शिंपी हसत म्हणाला.

डेंटरच्या छातीतून कुऱ्हाड आरपार गेली आणि त्याचा सैनिक पडला. त्याला दिसलं नाही. तो जिना उतरत होता.

दोन गल्ल्या पलीकडं पेंटरचं घर. वाटेत त्यांचं शटर लागलं. हातोडी आत होती आणि किल्ली खिशात होती. हात खिशात गेला. पण शटर उघडायला वेळ लागतो, म्हणून तो थांबला नाही. नाहीतर ही गोष्ट इथंच वेगळी झाली असती. चालता चालता सगळं हिशेबाला लागत गेलं. उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बाह्या. "येत का नाहीस गं?" विचारलं की "कामं असतात दादा." हनुवटीवरचं निळं, "दार लागलं." ज्याला बोटाच्या पेरानं पुट्टी कळते त्याला हे कळलं नव्हतं. आणि 'जरा आलो' कधी? प्रत्येक वेळी पेंटर मेल्यावर. बहुतेक वेळा डेंटरच्या हातून. मोठ्या मेहुण्याला काही बोलता येत नाही, म्हणून असू दे दादा. त्याची भरपाई आत स्वयंपाकघरात व्हायची, आणि डेंटर बाहेर ढाल धरून उभा असायचा, त्याचं कुणी काही करू नये म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते त्याच्यासारख्या गाढवांसाठीच.

पेंटरनं दार उघडलं. हेडफोन गळ्यात होता, वायर मागं टेबलापर्यंत ताणलेली होती. टेबलावरचा उभा माइक सुरूच होता. हेडफोन काढला की सगळं बंद झालं, अशी त्याची समजूत होती.

"दादा? अरे, तू मेलास ना तिकडं? कंपाउंडर बोंबलतोय..."

त्याच्या खांद्यावरून डेंटरला धाकटी दिसली. आतल्या दाराच्या उंबऱ्याशी बसली होती. एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर दाबून धरलं होतं. खालचा ओठ फाटला होता.

डेंटरनं पहिला ठोसा जबड्यावर मारला. खेळात एवढ्यात माणूस पडतो. पेंटर पडला नाही, "अरे" म्हणाला आणि एक दात त्याच्या शर्टावर पडला. दुसरा बरगड्यांत. आत काहीतरी कडकन मोडलं आणि डेंटरच्या हाताचं बोटही वाकडं झालं, खेळात हेही होत नाही. पेंटर मागं टेबलावर गेला. हेडफोनची वायर ओढली जाऊन निसटली आणि टोळीचे आवाज, तलवारींचा खणखणाट, सगळं खोलीत मोकळं सुटलं. पेंटरच्या हाताला स्टूल लागलं. त्यानं ते फिरवलं ते डेंटरच्या भुवईवर बसलं. डोळ्यात रक्त उतरलं. डेंटरनं मनगटानं ते पुसलं आणि तो पेंटरच्या अंगावर गेला.

दोघं खाली पडले. डेंटर छातीवर बसला आणि मारायला लागला. डावा, उजवा, डावा. नाक गेलं. डोळा मिटला. रंगाच्या फवाऱ्यावर पंधरा वर्षं फिरलेला तो सफाईदार हात फरशीवर काहीतरी शोधत चाचपडत होता. डेंटर मारत होता आणि त्याच्या कानाला तो आवाज आला. धप्प. धप्प. मऊ, भरीव, आत काहीतरी असलेला. महिनोन्‌महिने शोधत होता तोच, आणि आता तो त्याच्या स्वतःच्या हाताखालून निघत होता.

त्यानं तो आवाज बंद करायचं ठरवलं. कडेला इस्त्री पडली होती, जुनी, जड, लोखंडी तळाची. त्यानं ती उचलली, डोक्यावर नेली आणि टोक खाली करून पेंटरच्या कानशिलाच्या दिशेनं आणली. जीव घ्यायचाच होता. त्याविषयी त्याच्या मनात तेव्हा शंका नव्हती.

"आपला!" पेंटर फुटक्या तोंडानं किंचाळला. "दादा, आपला!"

हात थांबला.

डेंटरनं थांबवला असं म्हणवत नाही. दोन वर्षांच्या सवयीनं तो थांबला. इस्त्रीचं टोक कानशिलापासून बोटभर वर थिजलं, आणि दंडातली शीर तटतटून फुगली. पेंटरनं एक डोळा उघडा ठेवून त्या टोकाकडं बघितलं. त्याची पॅंट ओली झाली होती.

खोलीत टोळीचाच आवाज होता. "पेंटर उभा आहे!" कंपाउंडर ओरडत होता. "घेरा सोडू नका, अरे ढाली लावा!"

धाकटी उठली. भिंत धरत धरत आली आणि नवऱ्याच्या डोक्यापाशी उभी राहिली. इस्त्रीकडं, मग भावाच्या हाताकडं ती खूप वेळ बघत होती.

"आवरला," ती म्हणाली.



"नऊ वर्षं तुम्ही मला सांगताय, रागात हात सुटला की माणसाच्या ताब्यात राहत नाही. इच्छा नसते गं माझी, पण सुटलेला हात आवरत नाही. रडायचात सांगताना. मला खरं वाटायचं. मी तुमच्यासाठी रडायचे." तिनं ओठावरचं रक्त बोटानं पुसलं. "ह्याचा आवरला. एवढं लोखंड हातात, एवढा राग, आणि तुम्ही एकदा ओरडलात तर आवरला. मी किती वेळा ओरडले?"

पेंटरनं तोंड उघडलं. त्यातून लाळ आणि रक्त आलं.

"किती वेळा ओरडले मी, सांगा ना."

डेंटरनं इस्त्री हळूच फरशीवर ठेवली. धाकटी टेबलाकडं वळली. पडद्यावर झेंडा होता, झेंड्याखाली पेंटरचा सैनिक बाहुल्यासारखा उभा होता आणि त्याच्याभोवती शिंपी आणि कंपाउंडर ढाली लावून मार खात होते. ती माइकपाशी वाकली.

"त्याला राखू नका," ती म्हणाली.

"कोण? कोण बोलतंय?" शिंप्यानं विचारलं.

तिनं चपला घातल्या, खुंटीवरची पिशवी घेतली आणि दाराबाहेर पडली. डेंटर मागोमाग गेला. मागं खोलीत पडद्यावरून ठण्ण असा आवाज आला आणि कुणीतरी पडल्याचा.

दुसऱ्या मजल्यापर्यंत दोघं उतरले. तिथं डेंटर पायरीवरच बसला. बोट सुजून दुप्पट झालं होतं.

"मला ऐकू येत होतं," तो म्हणाला. "किती महिने ऐकू येत होतं मला. खेळातली खोट वाटली. मी त्यांना पत्र लिहिलं."

"कुणाला?"

"खेळ बनवणाऱ्यांना."

धाकटीनं त्याच्याकडं बघितलं. तिला हसू आलं की काय कोण जाणे, ओठ ताणला गेला आणि पुन्हा रक्त आलं.

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, असा आवाज आमच्यात नाही."

तिनं मान हलवली. "खरं बोलले बिचारे," ती म्हणाली. "तो आपला होता."

मग तिनं चांगला हात पुढं केला, त्याला पायरीवरून उठवलं, आणि दोघं राहिलेला जिना उतरले.